इंग्रजी शब्दप्रयोग बरोबर आहे का, हे तपासायचं कसं?

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मुलांना घरात मराठी, बाहेर गुजराती आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीतून पेपर लिहायचे असतात. स्पेलिंगच्या चुका सॉफ्टवेअर पकडतं. निसटतात त्या मराठी प्रत्ययांतून आलेल्या चुका. 'माझ्यावर रागावला' याचं 'अँग्री ऑन मी' होतं, 'त्याबद्दल चर्चा केली' याचं 'डिस्कस्ड अबाउट इट'. म्हणून क्रियापदाला किंवा विशेषणाला चिकटलेला छोटा शब्द आधी तपासावा.

सुरुवात शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशापासून करा, ऑक्सफर्ड लर्नर्स चालेल. अर्थ वाचून थांबू नका, उदाहरणवाक्यं बघा. 'डिस्कस'च्या पुढे थेट विषय येतो आणि 'डिस्कशन'च्या पुढे 'अबाउट' चालतं, हे तिथे लगेच दिसतं. निम्म्या शंका इथेच मिटतात.

उरलेल्यांसाठी गूगल. पूर्ण वाक्य टाकू नका. नावं, आकडे काढून तीन-चार शब्द ठेवा आणि दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. चिन्हं नसतील तर शब्द विखुरलेले असलेली पानंही येतात. मधला शब्दच ठाऊक नसेल तर त्याच्या जागी तारांकन द्या. गूगलने दाखवलेल्या निकालांच्या संख्येवर मात्र विसंबू नका, तो ढोबळ अंदाज असतो. पहिली दहा-पंधरा वाक्यं वाचा. कारण 'मॅरीड विथ' शोधलं तर भरपूर सापडतं, पण त्यातली बरीच वाक्यं 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' अशी असतात, म्हणजे विवाहित आणि दोन मुलं. 'अमक्याशी लग्न' याला 'मॅरीड टू'च हवं. शब्द तेच, अर्थ वेगळा; इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. व्याकरणात दोन्ही बसणाऱ्या शब्दप्रयोगांतही केवढा फरक असतो, हे बडोद्याला वेगळं सांगायला नको. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे त्या हंसाबेन मेहतांनी १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आणवलं.

दोन पर्यायांत निवड करायची असेल तर गूगल एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन्ही स्वल्पविराम देऊन टाका; छापील पुस्तकांतला वापर वर्षानुसार दिसतो. ब्रिटिश आणि अमेरिकन संग्रह वेगवेगळे निवडता येतात. पाचपेक्षा जास्त शब्द चालत नाहीत, आणि चाळीसपेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्दप्रयोग तिथे दिसतच नाही. तेव्हा आलेख कोरा आला म्हणजे तो चूकच, असं धरू नका.

प्रबंध लिहिणाऱ्यांनी 'कोका' (COCA) हा अमेरिकन इंग्रजीतल्या लेखन-बोलण्याचा ऑनलाइन संग्रह शिकून घ्यावाच. शंभर कोटींहून जास्त शब्द, १९९० ते २०१९. मोफत नोंदणी करून वापरता येतो. बोलणं, कथा, वृत्तपत्रं, शोधनिबंध असे विभाग वेगळे दिसतात. शब्दप्रयोग फक्त बोलण्याच्या विभागात सापडत असेल तर तो प्रबंधात नको.

भारतीय इंग्रजीचा प्रश्न वेगळा. 'प्रीपोन' इथल्या ऑफिसात खुशाल लिहा, सगळ्यांना कळतं. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा. 'आय पास्ड आउट इन २०२३' तर तिथे अजिबात नको. बाहेरचा वाचक त्याचा अर्थ 'शुद्ध हरपली' असा घेईल. 'ग्रॅज्युएटेड' लिहा.