स्पार्कचा जॉब लॅपटॉपवर डीबग करताय? आधी टाइमझोन बघा

मागच्या पावसाळ्यात माझा एक स्पार्क जॉब (स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हिशोब करणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर बरोबर उत्तर द्यायचा आणि क्लस्टरवर, म्हणजे त्या अनेक मशीनच्या जथ्यावर, रोज चुकायचा, आणि मी तीन दिवस नुसते जॉइन, म्हणजे टेबलं जोडायच्या ओळी, तपासत बसलो. डेटा दूध संकलनाचा. कुठल्या केंद्रावर कुठल्या तारखेला किती लिटर आलं, एवढंच काढायचं होतं. कोथरूडला घरी चालवलं की बेरीज जुळायची, क्लस्टरवर सकाळच्या पाळीतलं थोडं दूध आदल्या तारखेत जाऊन पडायचं. कारण टाइमझोन. आता बसण्याआधी काय काय करतो ते लिहून ठेवतोय, तुमचे तरी तीन दिवस वाचतील.

जावा आणि पायथनची व्हर्जन क्लस्टरवर आहे तीच घ्या. विंडोज असेल तर सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स). पुढे.

आता टाइमझोन. तुमचा लॅपटॉप पुण्यात, घड्याळ आयएसटीचं, आणि क्लस्टर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेवर. स्पार्कला सेशन टाइमझोन (तारखा कुठल्या वेळेने काढायच्या ती सेटिंग) सांगितला नाही तर तो मशीनचा उचलतो, म्हणजे कोड तोच, डेटा तोच आणि तारखा वेगळ्या. आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच जे काही घडतं ते यूटीसीत आदल्या दिवशी घडलेलं असतं. पहाटे पाचला वजनकाटा सुरू करणाऱ्या केंद्राची पहिली अर्ध्या तासाची नोंद अशीच जाते, आणि एरर वगैरे काही येत नाही, आकडा चुकतो फक्त. म्हणून पहिलं काम, लॅपटॉपवर क्लस्टरसारखी परिस्थिती तयार करा: स्पार्कचा सेशन टाइमझोन यूटीसी, जावाचा यूजर टाइमझोन यूटीसी, आणि टर्मिनलमध्ये टीझेड व्हेरिएबल पण यूटीसी. तिन्ही करा, एकावर थांबू नका, कारण पायस्पार्कमध्ये (पायथनमधून स्पार्क) नुसता सेशनचा बदलला तर शो करून छापल्यावर एक वेळ दिसते आणि कलेक्ट करून पायथनमध्ये आणल्यावर दुसरी, मग अजून गोंधळ.

सँपल डेटा. पहिल्या हजार ओळी उचलू नका प्लीज. माझ्या पहिल्या हजार ओळी सगळ्या संध्याकाळच्या पाळीच्या निघाल्या, त्यात बग सापडणार कुठून. एक अख्खा दिवस घ्या, सगळ्यात मोठं केंद्र घ्या, जिथे नल (रिकाम्या किमती) भरलेत असं एक केंद्र घ्या, आणि बारा ते साडेपाचमधल्या नोंदी मुद्दाम घ्या (हो, परत टाइमझोन). गुरुवारी लाइट जाणार असेल तर हे सगळं बुधवारीच डिस्कवर उतरवून ठेवा, वायफाय गेलं की एस3 वरून (ॲमेझॉनचं ऑनलाइन स्टोरेज) वाचणारा जॉब तिथेच अडकतो.

मेमरी. लोकल मोडमध्ये, म्हणजे स्पार्क नुसता लॅपटॉपवर चालवताना, वेगळा एक्झिक्युटर (प्रत्यक्ष काम करणारी प्रोसेस) नसतोच, सगळं ड्रायव्हरच्या (कामं वाटणारी मुख्य प्रोसेस) एकाच जेव्हीएममध्ये (जावा कोड चालवणारी प्रोसेस) चालतं, त्यामुळे एक्झिक्युटर मेमरी कितीही वाढवा, काही होत नाही. ड्रायव्हर मेमरी वाढवा, डिफॉल्ट 1 जीबी असते, आणि ती जेव्हीएम उठायच्या आधी द्यायची, नंतर कोडात लिहून उपयोग नाही. शफल पार्टिशन (जॉइन किंवा बेरजेसाठी डेटाचे किती तुकडे करायचे) डिफॉल्ट 200, थोड्या ओळींना 4 पुरतात. 1 मात्र करू नका, ओळींच्या क्रमावर अवलंबून असलेले बग लपतात.

या एकाच जेव्हीएममुळे अजून एक फसवणूक होते. जावा-स्काला कोडात स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ड्रायव्हरने टाकलेली किंमत लोकलला टास्कमध्ये पण दिसते, क्लस्टरवर ती तिथे पोचतच नाही. लॅपटॉपवरच्या फाइलचा पाथ पण तसाच. शंका आली तर लोकल-क्लस्टर[2,1,1024] (दोन वर्कर, प्रत्येकी 1 कोर, 1024 एमबी) लावून बघा, मोड टेस्टसाठीचा आहे पण वर्कर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, तिथे स्टॅटिकचं लगेच उघडं पडतं. पाथचं मात्र नाही, वर्कर त्याच लॅपटॉपवर असतात.

ब्रेकपॉइंट लावताना लोकल[1] (एकच थ्रेड) ठेवा, नाहीतर चार थ्रेड एकदम येऊन थांबतात. एरर दिसते ती ॲक्शनच्या (निकाल मागणाऱ्या, काउंट किंवा शो सारख्या) ओळीवर, चूक बरीच वर असते, तेव्हा मधेमधे काउंट टाकत खाली या. यूआय (जॉब कसा चालला ते दाखवणारं वेबपान) 4040 पोर्टवर असतं पण जॉब संपला की बंद होतं, शेवटी एक इनपुट टाकून थांबवून ठेवा.

सापडलं की दुरुस्ती मशीनच्या भरवशावर सोडू नका, हिशोबाची तारीख भारतातली असेल तर सेशन टाइमझोन एशिया/कोलकाता असा कोडातच लिहा, म्हणजे जॉब कुठेही चालला तरी तारीख तीच येईल. मग यूटीसीवाल्या लॅपटॉपवर परत चालवा.

क्लस्टरवर चढवण्याआधी: मधले काउंट काढा, कलेक्ट काढा, इनपुट काढा, कोडातली मास्टर लोकलची ओळ (जॉब लॅपटॉपवरच चालव असं सांगणारी) काढा कारण कोडातलं सबमिट करताना दिलेल्या फ्लॅगला दाबतं. टाइमझोनची ओळ काढू नका. साफसफाई करताना माझ्या हातून तीच उडणार होती.