छोट्या टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत? गोव्यातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

पहिल्यांदा फिश टँक घेणारे बहुतेक जण दुकानात उभे राहून रंगांवरून मासे निवडतात. दोन काळ्या मॉली, दोन गोल्डफिश, एक निळा फायटर, चार निऑन आणि काच साफ करायला एक सकर. दुकानदारही "काही होत नाही, घेऊन जा" म्हणतो. महिनाभरात निम्मे मासे मरतात आणि घरात ठरून जातं की आपल्याकडे मासे जगतच नाहीत. मासे जगतात. पण त्यांची जोडी जुळवताना रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं ते आपल्या घरी येणारं पाणी. गोव्यात नेमकं याच्याकडेच कोणी बघत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

विहिरीच्या पाण्यात मॉली

गोव्याची बरीचशी जमीन जांभ्या दगडाची. जांभ्यात चुना जवळजवळ नसतो, त्यामुळे फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या विहिरींचं पाणी सहसा मृदू आणि किंचित आम्ल असतं. पिण्याला गोड लागतं, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर येतो. (खाडीकाठच्या विहिरींची गोष्ट वेगळी, तिथे खारटपणा उतरतो.) आणि नवशिक्यांना "एकदम सोपे मासे" म्हणून दिले जाणारे मॉली, गप्पी, प्लॅटी हे मूळचे मध्य अमेरिका आणि आसपासच्या खनिजयुक्त, जड पाण्यातले. मॉली तर खाऱ्या पाण्याच्या कडेलाही राहते.

मॉलीला पाणी मानवत नसेल तर ते दिसतं. ती एका जागी उभी राहते, पर अंगाला चिकटवून घेते आणि पुढे न सरकता डावी-उजवीकडे डोलत राहते. बघणाऱ्याला वाटतं खेळतेय. खरं तर तिच्या शरीराला क्षारांचा तोल सांभाळणं जड जात असतं. काही दिवसांनी अंगावर पांढरे ठिपके किंवा बुरशी येते, मग लोक निळं औषध ओततात आणि पाणी मात्र तेच राहतं.

यावर आपल्याकडे स्वस्त उपाय आहे. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचं उकळून, मांसाचा कण राहणार नाही अशी घासून, उन्हात वाळवायची, जाडसर ठेचायची आणि मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पाण्यात ते हळूहळू विरघळतं, जडपणा आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; आम्ल जास्त तितका तो कमी) दोन्ही वर सरकतात. हे मासे आणण्याच्या आधी करा आणि पीएचच्या किटने आठवडाभर तपासत राहा. मासे आत असताना पीएच एकदम बदलला तर तोच धक्का जीवघेणा ठरतो.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: पाणी बदलण्यापेक्षा मासे बदला. हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गुरामी यांना मृदू पाणी मुळातच आवडतं. हनी गुरामी तर भारत-बांगलादेशातलाच मासा, जेमतेम पाच सेंटीमीटरचा आणि स्वभावाने शांत. असे मासे असतील तर मात्र कवचं घालू नका.

आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून टाकीत ओतणं हीसुद्धा चूक. त्यात खनिजं उरत नाहीत, पीएच कधीही घसरतो. नळाचं पाणी चालतं, पण त्यात क्लोरीन असतं. बादलीत भरून चोवीस तास उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घाला.

मे महिन्यातला निऑन

एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या दोन फुटी टाकीचं पाणी तीस अंशांवर सहज जातं. निऑन टेट्राला बावीस ते सव्वीस बरं वाटतं, गोल्डफिश तर मूळचा थंड पाण्याचा. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे माशाची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. सकाळी उठल्यावर सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले, तर रात्री वीज जाऊन एअर पंप बंद पडला होता का ते आधी विचारा. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावाच. टाकीवर पंखा लावला तर पाण्याचं तापमान थोडं उतरतं, पण आपल्या दमट हवेत फार तर एक-दोन अंश.

म्हणून निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा बघा. दिसायला जवळपास तसाच, लाल पट्टा पोटाखाली पूर्ण लांबीचा, आणि उष्ण, मृदू पाणी त्याला निऑनपेक्षा बरंच सोसतं. महाग असतो, पण दर उन्हाळ्यात निऑन नव्याने आणण्यापेक्षा परवडतो. गोल्डफिशला मात्र छोट्या टाकीतून आणि काचेच्या गोल भांड्यातून कायमचं वगळा. तो पंधरा-वीस सेंटीमीटर होतो, भरपूर खातो, तितकीच घाण करतो आणि बरोबरचे छोटे मासे तोंडात मावले तर गिळतो.

कोण कोणाचं शेपूट कुरतडतं

फायटर आणि गप्पी ही दुकानातून सर्वात जास्त बाहेर पडणारी चुकीची जोडी. फायटर नराला लांब, रंगीत, झुलतं शेपूट दिसलं की समोर दुसरा फायटर आहे असंच वाटतं. दोन नर फायटर एकत्र ठेवायचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, गप्पीचं कोणी सांगत नाही. छोट्या टाकीत फायटर एकटा ठेवा, तो तसाच शोभतो.

टायगर बार्ब दोन-तीनच आणले तर ते दुसऱ्यांची शेपटं कुरतडतात. सात-आठांच्या थव्यात ती मारामारी आपापसात जिरते, पण तेवढ्या थव्याला दीड फुटी टाकी पुरत नाही. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढी असते, पुढे परांसकट उंची पंधरा सेंटीमीटरवर जाते आणि मग निऑन तिचं खाद्य होतो. टेट्रा, रासबोरा, डॅनिओ हे थव्याने राहणारे मासे. प्रत्येक जातीचे दोन-दोन आणून "व्हरायटी" केली की सगळेच भेदरलेले, झाडाआड लपलेले. एकच जात घ्या, पण आठ घ्या. टाकी भरल्यासारखी तेव्हाच वाटते.

गप्पी ठेवायचेच असतील तर सगळे नर ठेवा. मादी आणली की साधारण चार आठवड्यांनी पिल्लं, आणि नर काढून टाकला तरी एकाच मीलनातून ती पुढचे काही महिने पिल्लं देत राहते.

सकर, "शार्क" आणि व्हाळातले मासे

सकर काच साफ करत असेल, पण त्याची विष्ठा टाकीत किती पडते ते आठवड्याने तळाशी बघा. बोटाएवढा आणलेला सकर वाढला तर फूटभराच्या पुढे जातो. शेवाळ नको असेल तर दिवा सहा-सात तासांवर आणा आणि खिडकीतलं थेट ऊन अडवा. "शार्क" नावाने मिळणारे चंदेरी मासे म्हणजे बहुधा पंगासची पिल्लं. ते मीटरभर वाढतात, दोन फुटांत त्यांना वळताही येत नाही.

मुलं पावसात व्हाळातून मासे धरून आणतात आणि थेट टाकीत सोडतात. त्यांचं कुतूहल मारू नये, पण त्या माशांना वेगळ्या टबात ठेवावं. ते परजीवी घेऊन येतात आणि त्यातले काही गप्पीची पिल्लं टिपून खातात. खाजनातलं (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतलं) काळुंद्राचं पिल्लू देखणं असतं खरं, पण ते निमखाऱ्या पाण्याचं आणि वीस सेंटीमीटरच्या पुढे वाढणारं.

एक सांगायचं राहायला नको: नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडू नका. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तीन-चार मासे, पंधरवड्याने आणखी तीन-चार. चतुर्थीला चार दिवस मूळ घरी जाणार असाल तर शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका. धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात, जास्त पडलेलं खाणं मात्र पाणी नासवतं.

चुकीचे मासे आधीच एकत्र असतील तर

आज संध्याकाळी दिवा लावून पंधरा मिनिटं नुसतं बसून बघा. शेपटाला अर्धगोल चावे दिसतात का, एखादा मासा सतत कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या मागे असतो का, खाद्य टाकल्यावर कोण येत नाही. ज्याला त्रास होतोय त्याला नव्हे, त्रास देणाऱ्याला बाहेर काढा. जखमी शेपूट स्वच्छ पाण्यात पुन्हा वाढतं. त्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी जुन्याच तापमानाचं घ्या, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

बाहेर काढलेल्या माशासाठी दुकानदाराला विचारा. बरेच जण परत घेतात, पैसे देत नाहीत इतकंच. मोठी टाकी असलेला ओळखीचा कोणी असेल तर त्याला द्या. पण व्हाळात, तळ्यात, मांडवीत किंवा घराच्या विहिरीत तो सोडू नका. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा. टाक्यांतून सुटून तो केरळ, तमिळनाडू, आंध्रच्या जलाशयांत स्थिरावला आहे. काठ पोखरून बिळं करतो आणि स्थानिक माशांचं अन्न खातो. आपल्या व्हाळांतल्या छोट्या माशांना त्याच्यापुढे टिकणं कठीण जाईल.