अनेक सरकारांचं संशोधन-जाळं बांधताय? या चुका टाळा

सोलापुरात पाण्यावर काम करायचं तर सीमेपलीकडे बोलावंच लागतं. भीमा आपल्याकडून पुढे विजयपूर-कलबुर्गीकडे जाते, तिच्यासोबत गाळही जातो आणि प्रदूषणही. म्हणून दोन्हीकडच्या संस्थांनी मिळून संशोधन करावं, ही कल्पना दर दोन वर्षांनी कुणीतरी मांडतं. अशा बैठकांना मी बरीच वर्षं जातो आहे. विषयांवर एकमत लवकर होतं, गाडी अडते ती कारभारात.

आपल्या गावाला हे नवं नाही. १९३३ पासून कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक अशी पाच केंद्रं उभी राहिली. रायचूर तेव्हा निजामाच्या राज्यात, हगरी मद्रास इलाख्यात, रोहतक पंजाबात. माती वेगळी, पाऊस वेगळा, सरकारंही वेगळी, पण पडलेला पाऊस जमिनीत मुरवून पीक कसं काढायचं, हा प्रश्न सगळीकडे सारखाच होता.

निर्णय आणि छाननी एकाच टेबलावर. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लक्षण सहज ओळखू येतं: प्रस्ताव चांगला आहे का, याऐवजी ‘यंदा पाळी कुणाची’ याची चर्चा सुरू होते. आशिया-प्रशांत भागातल्या देशांनी १९९६ मध्ये हवामान-पर्यावरणातल्या जागतिक बदलांच्या संशोधनासाठी ‘एपीएन’ हे जाळं उभारलं. त्याची रचना बघण्यासारखी आहे. धोरणाचा आणि पैशाचा शेवटचा शब्द सदस्य सरकारांच्या बैठकीचा. प्रस्तावांची शास्त्रीय छाननी वेगळा वैज्ञानिक गट करतो. दोन बैठकांच्या मधलं सुकाणू समिती बघते आणि रोजचं काम जपानमधल्या कोबे इथलं सचिवालय. तुमचं जाळं चार संस्थांचं असलं तरी या कामांची माणसं वेगळी ठेवा. ज्याचा प्रस्ताव चर्चेला आहे, त्याने तेवढा वेळ बाहेर बसायचं आणि तो बाहेर बसला होता हे इतिवृत्तात लिहायचं. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्या बैठकीला कुणाला काही वाटत नाही.

आकड्यांची व्याख्या न ठरवणं. आम्ही भीमेवरच्या उजनी धरणाच्या पातळीचा तक्ता पलीकडच्या एका संस्थेला पाठवला होता. तिथल्या तरुण संशोधिकेने ‘शून्य टक्के’ वाचून जलाशय कोरडा पडला असं धरलं आणि त्यावर आलेख काढला. चूक तिची नव्हती. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. आपलं शून्य सुरू होतं ते एवढं पाणी धरणात असताना. ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी सोलापूरकराला कळते, बाहेरच्याला कशी कळणार? तक्त्याखाली एक ओळ लिहायला हवी होती, ती आम्ही लिहिली नाही. आराखड्याच्या पहिल्याच वर्षात सामायिक मोजमापांची यादी करा: काय मोजायचं, कुठून मोजायचं, शून्य कुठे, आणि आकडेवारी कुणी किती दिवसांत द्यायची.

आराखडा म्हणजे मागण्यांची यादी. पाच वर्षांचा आराखडा लिहायला बसलं की हवामान, भूजल, माळरान, शहरातला कचरा, सगळं आत येतं, कारण कुणालाच दुखवायचं नसतं. मग तिसऱ्या वर्षी आढावा घ्यायला गेलं की काय तपासायचं तेच कळत नाही. प्रत्येक प्राधान्यापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: पैसा कुणाचा, जबाबदार कोण, आणि हे घेतलं तर सोडायचं काय. तिसरा रकाना रिकामा ठेवायला माझा सक्त विरोध आहे. पैसा एकाच दात्याकडून येत असेल तर तेही आराखड्यात उघड लिहा. ज्यांना रोख देता येत नाही, त्यांचे मनुष्यदिवस, प्रयोगशाळेचा वेळ, गाडी यांची नोंद योगदान म्हणून करा, नाहीतर ते बैठकीत पाहुण्यासारखे बसतात.

समन्वयक म्हणजे एकच माणूस. मे महिन्यात बदल्यांचे आदेश निघतात आणि जाळ्याचा एक धागा तुटतो. एकदा आमची पत्रं सात महिने अशा अधिकाऱ्याच्या नावाने जात राहिली, जे केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झाले होते. नेमणूक पदाच्या नावे करा, सोबत पर्यायी व्यक्ती द्या आणि पदभार देताना दोन पानी टिपण सक्तीचं करा.

चूक निघाली तर काय, हे न ठरवणं. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी संस्थेच्या २००७ च्या अहवालातलं विधान चुकीचं निघालं. २०१० मध्ये ते मान्य करावं लागलं, कार्यपद्धतीची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि २०११ मध्ये चुका हाताळण्याची लेखी पद्धत, हितसंबंधांच्या संघर्षाबाबतचं धोरण आणि कार्यकारी समिती आली. इतक्या मोठ्या संस्थेला हे नंतर करावं लागलं, आपण आधी करू शकतो. तारीख, आधीचा आकडा, दुरुस्त आकडा, सही, अशा चार रकान्यांची वही पुरते. आमच्याकडे ती आता आहे, आणि तिच्यातली पहिली नोंद उजनीच्या शून्याची आहे.