लाल पेटी रिकामी दिसली तर काळजी करा (छोट्या कारखान्यात क्वालिटी कशी रुजवायची)

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची सरकारी औद्योगिक वसाहत) आमचं मशीन शॉप आहे, 40 एक माणसं, व्हॉल्व्हचे आणि पंपाचे पार्ट करतो, आणि तिथली क्वालिटी मी बघतो. ओळखीचे कारखानदार विचारतात की आयएसओ (क्वालिटीचं आंतरराष्ट्रीय मानक) घेतलं, सर्टिफिकेट भिंतीवर लावलं, तरी पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, माल परत येतोच, काय करू? मी आधी एवढंच विचारतो की रिजेक्शनची, म्हणजे बिघडलेला माल टाकायची, लाल पेटी आहे ना, तिच्यात आत्ता काय पडलंय? बहुतेक वेळा उत्तर येतं, काही नाही, रिकामी आहे. रिकामी पेटी म्हणजे माल चांगला होतोय असं नाही, बिघडलेला जॉब (मशीनवर केलेला नग) कुठंतरी लपवला जातोय, मशीनच्या मागे, भंगारात, नाहीतर सरळ चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये मधोमध.

म्हणून सुरुवात इथून करा. ज्यानं जॉब बिघडवला त्यानं स्वतः लाल पेटीत टाकला तर त्या दिवशी त्याला एक शब्द बोलायचा नाही, पगार कापायचा नाही, सगळ्यांसमोर नाव घ्यायचं नाही. हे मालकाकडून आधी वदवून घ्या आणि मग शॉपमध्ये सांगा, कारण एकदा जरी कुणाला झापलं ना तर पुढचे सहा महिने पेटी परत रिकामी. अमेरिकेचे क्वालिटीतज्ज्ञ डेमिंग 1950 मध्ये जपानला जाऊन इंजिनिअरांना आणि कंपन्यांच्या मोठ्या साहेबांना शिकवत होते, त्यांच्या 14 मुद्द्यांमध्ये कामाच्या जागेवरची भीती घालवा हा मुद्दा आहे, आणि शेवटी तपासून क्वालिटी येत नाही ती करतानाच यावी लागते हाही आहे. मला विचाराल तर पहिला नसेल तर दुसरा होतच नाही.

मग रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना पेटीपाशी 10 मिनिटं उभं राहायचं, टर्नर (लेथ चालवणारा), सुपरवायझर आणि तुम्ही, ऑफिसात बसून नाही. एक जॉब हातात घ्यायचा आणि का, का, विचारत जायचं. आमच्याकडचंच सांगतो. बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, खरबरीत येत होता. का, तर इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं टोक) झिजलेला. का बदलला नाही? नवा इन्सर्ट स्टोअरमध्ये कुलपात. का कुलपात? महाग आहे म्हणून. आणि स्टोअरवाला येतो साडेनऊला, शिफ्ट सुरू आठला, म्हणजे दीड तास तो माणूस झिजलेल्या इन्सर्टवर काम करत होता आणि आम्ही दर वेळी रजिस्टरला लिहीत होतो "ऑपरेटरची चूक, समज दिली". मला अजून वाईट वाटतं त्याचं. आता प्रत्येक मशीनवर इन्सर्टची छोटी डबी असते आणि किती जॉबनंतर बदलायचा तो आकडा तिच्यावर लिहिलेला. रजिस्टरमध्ये "समज दिली" असं वारंवार दिसलं तर समजा की कारण अजून सापडलेलं नाही.

मोजमापाचं जरा नीट सांगतो कारण इथं फार माल वाया जातो. 40 एमएम एच7 (साइज किती चालेल हे सांगणारा कोड) बोअर म्हणजे 40.000 ते 40.025 एमएम, सगळी मिळून 25 मायक्रॉनची (एमएमचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जागा. लेथवरून उतरलेला गरम जॉब गेजपेक्षा (मोजायच्या साधनापेक्षा) 20 डिग्री जास्त गरम असला तर स्टीलचा 40 एमएमचा बोअर साधारण 9 मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त जागा नुसती उष्णतेनंच खाल्ली. गरम असताना गो गेज (चांगल्या बोअरमध्ये जायलाच हवं ते गेज) आरामात जातं, थंड झाल्यावर तेच जात नाही, आणि मग भांडण की तू नीट तपासलं नाहीस. जॉब आणि गेज एकाच टेबलावर थोडा वेळ शेजारी ठेवा, दोन्ही सारख्या तापमानाला येऊ द्या, मग मोजा. गेजचं कॅलिब्रेशन (ते बरोबर मोजतंय का याची तपासणी) वेळेवर करून घ्या, आणि खाली पडलेलं गेज न तपासता वापरायचं नाही.

तपासणीच्या कागदावर "ओके" लिहू देऊ नका, आकडा लिहायला लावा. 40.008, 40.011, 40.015, 40.019 असं दिसलं की जॉब अजून पास आहे पण साइज सरकतेय हे कुणालाही कळतं आणि बिघडायच्या आधीच मशीन थांबवता येतं. अमेरिकेच्या शूहार्टनं 1924 मध्ये कंट्रोल चार्ट (मापं ओळीनं मांडून साइज सरकतेय का ते दाखवणारा आलेख) काढला तो याच विचारातून, पण सुरुवातीला चार्टचीही गरज नाही, मशीनला टांगलेला चौकटीचा कागद आणि पेन्सिल पुरते.

सूचना इंग्रजीत लावल्या तर कोणी वाचत नाही. आमच्याकडे गुजराती, हिंदी आणि थोडे आपले मराठी लोक, म्हणून फोटो आणि दोन भाषा. जुन्या रिव्हिजनची ड्रॉइंग त्याच दिवशी फाडून टाका, कपाटात राहिली की कधीतरी कामावर येणारच. आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत जाडजूड क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं राहिलेलं नाही, त्यामुळे कागद वाढवण्यात वेळ घालवू नका, जो कागद मशीनवर वापरला जातो तेवढाच ठेवा.

आता मालकाचं. महिनाअखेर, गाडी दारात उभी, 200 मधले 6 जॉब शंकेचे, आणि मालक म्हणतो "चालशे, जवा दो". हे एकदा झालं की शॉपमधल्या प्रत्येकाला कळतं की इथं खरी गोष्ट डिस्पॅच आहे, बाकी सगळं बोर्डावर लिहायला. म्हणून आधीच ठरवा, क्वालिटीवाल्यानं थांबवलेला माल मालकसुद्धा सोडणार नाही, फार तर पार्टीला फोन करून खरं सांगेल आणि ती लेखी हो म्हणाली तर पाठवेल. आमच्या शेठनी 194 पाठवून 6 मागे ठेवले त्या दिवसानंतर माझं काम निम्मं सोपं झालं. आणि नगावर पगार देत असाल तर तो हिशोब बदला, नग मोजून पैसे दिलेत तर माणूस नगच करणार.

पहिले दोन-तीन महिने रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल. घाबरू नका, तो माल आधीही बिघडतच होता, आता पेटीत पडतोय एवढंच, आणि हे मालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तोच म्हणेल बंद करा हे.

अजून एक करा, कंप्लेंट आली की क्वालिटीवाल्याबरोबर ज्यानं जॉब केला त्या टर्नरलाही पार्टीकडे घेऊन जा. आमचा एक जण 11 वर्षं तोच व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाणी अडवणारा पार्ट) करत होता आणि तो पार्ट कुठं बसतो हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तिथं टेस्ट बेंचवर एका बारीक ओरखड्यामुळे पाणी झिरपताना बघितलं, परत येताना रिक्षात काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यानं घरून जुनी चादर आणून तिचे तुकडे ट्रेमध्ये अंथरले होते, प्रत्येक जॉब वेगळा.