पोकळ मुठीचा सर्व्हायव्हल चाकू रानात कसा तपासावा

मुठीत काड्या किती मावतात, टोपणातलं होकायंत्र कसं आहे, पाठीला करवतीचे दात आहेत का, हे सगळं नंतर. पोकळ मुठीच्या चाकूत आधी एवढंच बघायचं की पातं मुठीला कशानं धरलंय. साध्या चांगल्या चाकूत पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असतं. इथं सामानाला जागा हवी म्हणून ते तीन-चार सेंटिमीटरवरच तोडतात आणि उरलेला आखूड दांडा नट, आडवा स्क्रू किंवा इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदाच्या भरवशावर नळीत बसवतात. गार्डपासून, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या पट्टीपासून, १२ सेंमीवर घाव बसला, तर ४ सेंमीच्या त्या दांड्याच्या टोकावर साधारण तिप्पट जोर येतो. त्यामुळे हलक्या कामापासून जड कामाकडे जायचं, प्रत्येक टप्प्यानंतर जोड बघायचा आणि तो हलला की तिथंच थांबायचं.

जोडच नसलेले चाकूही आहेत. चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह यांचे वन-पीस चाकू ए-२ पोलादाच्या अखंड तुकड्यातून कोरलेले असत. कोल्ड स्टील या कंपनीचा बुशमन एसके-५ पोलादाच्या एकाच पत्र्याचा असतो, मुठीकडचा पत्रा वळवून नळी केलेली. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, किटसकट येणाऱ्या चाकूंना मात्र जोड असतोच, आणि जाहिरातीच्या फोटोत नेमका तोच दिसत नाही.

जागा कुठली?

कोयना अभयारण्य, चांदोली, सागरेश्वर ही नावं यादीतून काढून टाका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव आहे. माण-खटावकडचं स्वतःचं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं रान सगळ्यात बरं, विचारून जा. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत बसतं. शेती आणि घरकामाच्या अवजारांना तिथं सूट आहे, म्हणून उसाचा कोयता चालतो. सर्व्हायव्हल चाकूसाठी ती सूट सांगता येणार नाही. पातं १५ ते १८ सेंमी असलं की पुरतं. सण-निवडणुकीच्या काळात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश निघतात, ते दिवस टाळा. एसटीनं जाणार असाल तर चाकू म्यानात आणि म्यान पिशवीच्या तळाशी, कमरेला नाही.

सोबत घ्यायचं: ६ मिमी जाडीची ज्यूटची सुतळी १० मीटर, जुनं वर्तमानपत्र, टिश्यू पेपर, पर्मनंट मार्कर, स्टीलची पट्टी, टॉर्च, लोहचुंबक, गॉगल, प्रथमोपचाराची पेटी. लाकूड म्हणून मनगटाएवढी वाळकी सुबाभूळ बघा, सरळ आणि बिनगाठीची. ठोकायला बाभळीचा ३० सेंमीचा सोटा. जिवंत झाडाला हात लावायची गरजच पडत नाही, बांधावर तोडून टाकलेल्या फांद्या असतातच. तासगावच्या बाजूला छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग मिळतात, पण त्या चिवट आणि तंतुमय असतात. त्यावरून धार कळते, ताकद कळत नाही.

घरी करायची तपासणी

टोपण उघडून आत टॉर्च मारा. तळाशी नट दिसला तर तो पान्यानं हळूच कसून बघा. नट दिसत नाही, नुसता पिवळट डिंकासारखा थर दिसतो, म्हणजे इपॉक्सी. मुठीला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर मूठ बहुधा ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूची आहे. जस्ताची ओतीव मूठ वजनाला भारी वाटते, पण घावाला वाकत नाही, तुटते.

आता पूर्ण चाचणीचा कणा असलेली खूण. गार्डवरून मुठीवर जाईल अशी मार्करची बारीक सरळ रेघ दोन्ही बाजूंना ओढा. पातं मुठीत जरा जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसेल. मग मूठ दोन बोटांत सैल धरून पात्याच्या पाठीवर पेन्सिलीनं टिचकी मारा आणि आवाज लक्षात ठेवा, हवं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. घट्ट जोडाचा आवाज स्वच्छ आणि लांबणारा असतो. सैल झाला की तो बसका येतो, कधी बारीक खर्र ऐकू येतं. डोळ्यांना काही दिसायच्या आधी कानाला कळतं.

होकायंत्र गच्चीवर तपासू नका, स्लॅबमधल्या सळ्या सुई ओढतात. साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसेल अशा मोकळ्या मैदानात उभे राहा, मोबाइलच्या नकाशावरून त्याची दिशा काढा आणि ताडून बघा. टोपणातल्या बटणाएवढ्या होकायंत्राला दहा अंशांची चूक माफ. नंतर तेच टोपण चाकूला लावून बघा; पात्याच्या पोलादामुळे सुई सरकते. वापरताना टोपण काढून चाकू हातभर लांब ठेवायचा, हे माहितीपत्रकात सहसा लिहिलेलं नसतं.

पाणी आत जातं का?

बादलीत बुडवून कोरडा निघाला, एवढ्यावर समाधान मानू नका. मुठीत टिश्यू पेपर भरून टोपण घट्ट लावा आणि चाकू तासभर उन्हात ठेवा. मूठ चांगली तापली की तसाच विहिरीच्या गार पाण्यात, दोरीला बांधून मीटरभर खोल, अर्धा तास सोडा. आतली हवा ४५ अंशांवरून २५ वर आली की तिचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो, म्हणजे चाकू आणखी ६० सेंमी खोल बुडवल्यासारखंच होतं. टोपणाची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) कोरडी, चिरलेली किंवा आट्यांत वाळूचा कण अडकलेला असेल तर पाणी इथंच आत ओढलं जातं. बाहेरून नीट पुसून मगच टोपण उघडा, नाहीतर आट्यांतलं पाणी टिश्यूवर सांडून फसवतं. ओल आली तर ओ-रिंग बदला, तिला व्हॅसलीनऐवजी सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमनं काही जातींचं रबर फुगतं.

कापणं, तासणं, करवत

लाकडी फळीवर सुतळीचे ५० काप घ्या. नंतर वर्तमानपत्र हवेत धरून कापा. कागद सरळ कापला गेला तर धार टिकली, अडकून फाटला तर पोलाद मऊ किंवा धारेचा कोन चुकलेला. मग सुबाभळीच्या काटकीवरून कागदासारखे पातळ पापुद्रे काढत जा, पापुद्रा काटकीला चिकटून राहिला पाहिजे. यात मुठीची परीक्षा जास्त होते. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे हे बोटांना कळत नाही. हात पाण्यात बुडवून पुन्हा तासून बघा.

पाठीच्या दातांकडून फार अपेक्षा नको. अमेरिकन वैमानिकांच्या चाकूला असे दात असायचे ते विमानाचा पत्रा कापून बाहेर पडायला. लाकडाच्या करवतीचे दात आलटूनपालटून बाहेर फाकवलेले असतात. इथं ते एका रेषेत असतात, त्यामुळे काप थोडा आत गेला की पातं अडकतं. २० मिमीच्या फांदीवर ५० फेऱ्या मारा, काप किती खोल गेला ते पट्टीनं मोजा आणि विषय संपवा.

घाव आणि ठोकणं

गॉगल घाला. समोर आणि पात्याच्या रेषेत कुणी नको; जोड तुटला तर पातं त्याच दिशेनं उडतं. ४ सेंमी जाडीच्या सुबाभळीवर मध्यम जोरानं दहा-दहाच्या तुकड्यांत ५० घाव घाला. दर दहा घावांनी रेघ बघा, टिचकी मारा, टोपण सैल झालंय का ते बघा.

यातून निभावला तरच चिरफाळणी. ३ ते ४ सेंमी जाडीचा, बिनगाठीचा तुकडा उभा ठेवा, पातं मध्यावर आडवं टेकवा आणि बाहेर आलेल्या टोकाकडच्या पाठीवर सोट्यानं ठोका. मूठ सैल धरा आणि खाली दाबू नका. टोकावर घाव आणि मुठीवर दाब असं एकदम झालं की सगळा पीळ जोडावर येतो. बहुतेक चाकू इथंच मोडतात. पाठीला दात असतील तर सोट्याचा भुगा पडणार, त्याचं आश्चर्य नको. आखूड दांड्याच्या चाकूला दहा ठोके पुरे. टोक लाकडात खुपसून आडवं उचकटणं आणि चाकू फेकणं या चाचण्या नाहीत, मोडतोड आहे.

रेघ सरकली, आवाज बसला, पण पातं डोळ्यांना हलताना दिसत नाही, अशी मधली अवस्था बऱ्याचदा येते. तो चाकू सुतळी आणि भाजी कापायला ठेवा. पुन्हा इपॉक्सी ओतून घाव घालायच्या फंदात पडू नका.

पास झाल्यावर

आता मुठीला दोरी गुंडाळा. आधी गुंडाळली असती तर तडा झाकला गेला असता. ३ सेंमी व्यासाच्या, १० सेंमी लांब मुठीला ४ मिमी दोरीचे २५ वेढे बसतात, म्हणजे टोकांसकट पावणेतीन मीटर दोरी लागते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धातूची मूठ उघडी धरवत नाही, तेही काम यातच होतं.

आतली जागा २२ मिमी व्यास आणि १०० मिमी लांबी धरली तर ३८ मिली, अर्ध्या कटिंग चहाएवढी. त्यात आगकाड्या, त्यांची घासपट्टी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, सुई-दोरा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. उरलेल्या जागेत कापूस, म्हणजे खडखडत नाही. काड्या पेटवून बघायच्या तर नांगरलेल्या उघड्या जमिनीवर. माघ-फाल्गुनात वाळल्या गवताला ठिणगी पुरते आणि वणवा बांध बघत नाही.

परत आल्यावर मूठ आतून पुसा, टोपण रात्रभर उघडं ठेवा. ॲल्युमिनियमच्या मुठीत पोलादी नटाभोवती ओल राहिली की पांढरी भुकटी धरते आणि जोड आतून खाल्ला जातो. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. खोबरेल तेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं.