पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमध्ये हात घालायचाय? मग हे आधी वाचा

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणारे ढिगाने आहेत, क्वेरी ट्यून करणारे, इंडेक्स टाकणारे पण भरपूर, पण सर्व्हरचा सी मधला कोड उघडून बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकांना भीतीच वाटते, की १९८६ ला बर्कलीत सुरू झालेलं प्रकरण आहे, आत काय गुंता असेल देव जाणे. तर तसं नाहीये. इतक्या छान कॉमेंट लिहिलेला सी कोड फार कमी प्रोजेक्टमध्ये सापडतो, आणि जिथे मामला खरंच अवघड आहे तिथे त्या फोल्डरमध्येच रीडमी फाईल ठेवलेली असते. ऑप्टिमायझर, एनबीट्री (बी-ट्री इंडेक्सचा कोड), बफर, लॉक मॅनेजर, ट्रान्झॅक्शन, या सगळ्यांच्या रीडमी आहेत. ज्या भागात काम करायचंय त्याची रीडमी आधी वाचून काढा, एक संध्याकाळ जाईल पण नंतरचे कितीतरी दिवस वाचतील.

आता बिल्ड. गिटवरून कोड घ्या आणि पहिल्याच दिवशी दोन वेगळ्या फोल्डरमध्ये दोन बिल्ड करा. एक डीबगचा, म्हणजे कॉन्फिगर करताना एनेबल-डीबग आणि एनेबल-कॅसर्ट दोन्ही चालू, ऑप्टिमायझेशन ओ-जी (डीबगिंगला सोयीचं) वर आणि फ्रेम पॉइंटर शाबूत. दुसरा ओ-टू चा, कॅसर्ट बंद, फक्त वेग मोजायला. हे दोन वेगळे का, तर कॅसर्टवाल्या बिल्डमध्ये जागोजागी तपासण्या चालतात, फ्री केलेल्या मेमरीवर मुद्दाम कचरा लिहिला जातो, त्यामुळे तो बग पकडायला सोन्यासारखा आणि वेग मोजायला अगदीच निरुपयोगी, आणि तरी लोक त्याच्यावरच बेंचमार्क घेऊन "माझ्या पॅचने वीस टक्के फरक पडला" म्हणून सांगत येतात. सोळाव्या व्हर्जनपासून मेसन हे बिल्ड टूल पण चालतं, नव्याने सुरू करत असाल तर तेच घ्या. जुना मेकवाला रस्ता वापरणार असाल तर एनेबल-डिपेंड नक्की द्या, नाहीतर हेडर फाईलमध्ये एक स्ट्रक्ट बदलला की अर्ध्या ऑब्जेक्ट फाईल जुन्याच राहतात आणि मग असे विचित्र क्रॅश येतात की डोकं आपटावंसं वाटतं. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं टूल) पण टाका, वेळ वाचतो.

डीबगिंग सोपं आहे, कारण प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांडलाइन क्लायंट) मध्ये पीजी-बॅकएंड-पीआयडी फंक्शन चालवून त्या प्रोसेसचा नंबर घ्यायचा आणि जीडीबी हा डीबगर त्याला जोडायचा. एरर कुठून येतेय कळत नसेल तर एररफिनिश वर ब्रेकपॉइंट लावा, एरर आली की तिथेच थांबतं आणि बॅकट्रेस समोर. जीडीबीला सिगयूएसआर-वन या सिग्नलवर थांबू नको म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर मधेमधे थांबून वैताग देतो.

आता मुद्द्याची गोष्ट, कुठे ऑप्टिमाइझ करायचं. इथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. लोक कोड वाचतात, एखादा लूप दिसतो, वाटतं हा हळू असणार, आणि त्याला चकाचक करतात, आणि नंतर कळतं की तो लूप क्वेरीमागे एकदाच चालतो. त्यामुळे आधी परफ, म्हणजे वेळ कुठे जातोय ते दाखवणारं लिनक्सचं टूल. चालू बॅकएंडवर (कनेक्शनच्या प्रोसेसवर) परफ रेकॉर्ड कॉल ग्राफसकट चालवायचं आणि रिपोर्ट बघायचा. पीजीबेंच या बेंचमार्क टूलचा नुसता सिलेक्टवाला लोड लावलात तर एकच असा दोषी सापडणार नाही, पार्सर, मेमरी वाटप, हॅश सर्च, कॅटलॉग कॅश, बीट्रीची तुलना, असे सगळे थोडेथोडे टक्के खात बसलेले दिसतील. मोठ्या टेबलवर भरपूर कॉलम वाचणारी क्वेरी लावा, की डिफॉर्मिंग वर येतं, म्हणजे डिस्कवरच्या पानातली रो सुटी करून एकेक कॉलम काढणं. म्हणजे लोड कुठला लावताय यावर उत्तर ठरतं, आणि तो लोड खऱ्या जगात कोणी चालवतं का हा प्रश्न रिव्ह्यू करणारे पहिल्यांदा विचारणारच.

मला आवडणारं उदाहरण म्हणजे १४ व्या व्हर्जनमधलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरचं स्नॅपशॉटचं काम. स्नॅपशॉट म्हणजे कुठल्या ट्रान्झॅक्शनचे बदल दिसायचे आणि कुठल्यांचे नाहीत याची नोंद. प्रत्येक स्नॅपशॉट घेताना सर्व्हर सगळ्या कनेक्शनची यादी चाळायचा, त्यामुळे हजारो कनेक्शन नुसती रिकामी बसलेली असली तरी काम करणाऱ्या चार जणांना त्याचा फटका. यात त्याने लूप चलाख केला नाही, डेटाची मांडणीच बदलली, लागणारे आयडी सलग अ‍ॅरेमध्ये आणले म्हणजे सीपीयूच्या कॅशमध्ये बसतील, आणि मधल्या काळात कुठलंच ट्रान्झॅक्शन संपलं नसेल तर जुनाच स्नॅपशॉट परत वापरायची सोय केली. हे सगळं एका दणक्यात आलं नाही, एकामागून एक वेगळ्या कमिटमध्ये आलं, आणि शिकायचं असेल तर त्या कमिट क्रमाने वाचा.

मोजताना काय काय पाळायचं, तर सीपीयू गव्हर्नर परफॉर्मन्सवर, पीजीबेंचला प्रिपेअर्ड मोड, नाहीतर पार्सिंगच मोजत बसाल, डेटा शेअर्ड बफर्समध्ये (पोस्टग्रेसच्या सामायिक मेमरीत) मावतोय का ते बघून घ्या, आणि पॅचवाला व बिनपॅचवाला बिल्ड आलटून पालटून चालवा, आधी सगळे याचे मग सगळे त्याचे असं नको. मीडियन घ्या. आणि दोन-तीन टक्क्यांचा फायदा दिसला तर लगेच पेढे वाटू नका, कारण बायनरीमध्ये फंक्शनची जागा थोडी सरकली तरी तेवढा फरक पडतो, संबंध नसलेल्या कोडमुळे सुद्धा.

कोड बदलताना तीन गोष्टी. मेमरी: सी चा नेहमीचा मॅलॉक नाही, पोस्टग्रेसचा पॅलॉक, आणि तो कुठल्या मेमरी कॉन्टेक्स्टमध्ये (एकदम मोकळ्या होणाऱ्या मेमरीच्या गटात) होतोय ते माहीत हवं, रोमागे एकदा रिसेट होणाऱ्यात गेला तर ठीक, क्वेरीभर जगणाऱ्यात गेला तर कोटभर रो आल्यावर रॅम फुगते. एरर: ईरिपोर्टने एरर दिली की कंट्रोल लाँगजंपने थेट बाहेर, खालची ओळ चालतच नाही, त्यामुळे सफाई तिथे लिहून उपयोग नाही. लॉक: लाइटवेट लॉक एरर आल्यावर आपोआप सुटतात, स्पिनलॉक (मिळेपर्यंत लूपमध्ये फिरत राहायचं असे लॉक) सुटत नाहीत. स्पिनलॉक धरून काही डझन इन्स्ट्रक्शनपेक्षा जास्त काम करू नका, कर्नल कॉल तर नाहीच नाही, कारण दुसरा कोणी साधारण मिनिटभर अडकला की सर्व्हर सरळ पॅनिक करतो, म्हणजे क्रॅश होतो.

टेस्टबद्दल थोडक्यात: मेक चेक पुरत नाही, चेक-वर्ल्ड चालवा, टॅप टेस्ट (पर्लमधल्या टेस्ट) चालू करून. पीजीइंडेंट (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) फिरवा. डिफमध्ये स्पेस-टॅबचे फालतू बदल राहू देऊ नका.

जुन्या व्हर्जनमध्ये बदल नेताना मात्र हात राखून. बगफिक्स मागे जातात, वेग वाढवणारे पॅच साधारण जात नाहीत. आणि एबीआय सांभाळायचा, म्हणजे बाहेरची एक्स्टेन्शन ज्या स्ट्रक्टच्या भरवशावर कंपाइल झालीयेत त्यांना धक्का लावायचा नाही. "शेवटी एक फील्ड टाकलं तर काय बिघडतंय" असं वाटतं ना, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमकं तेच झालं. १७.१ आणि सोबतच्या मायनर रिलीजमध्ये रिझल्ट-रेल-इन्फो स्ट्रक्टच्या शेवटी एक बूल आला, स्ट्रक्टचा आकार वाढला, टाइमस्केलडीबी सारखी एक्स्टेन्शन जुन्या आकाराने मेमरी घेत होती, आणि आठवडाभरात १७.२ काढावं लागलं. तोच बूल मधल्या रिकाम्या पॅडिंगमध्ये बसत होता, पीहोल हे स्ट्रक्टची मांडणी दाखवणारं टूल चालवलं की ही भोकं दिसतात.

आपला पॅच वर पाठवायचा असेल तर तो कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पॅच तपासायच्या ठरलेल्या फेरीत, नोंदवायचा, साधारणपणे जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा वर्षातून पाच फेऱ्या असतात. सोबत बेंचमार्कची स्क्रिप्ट जोडा, नुसते आकडे नकोत, म्हणजे दुसऱ्याला चालवून बघता येईल, आणि जिथे फायदा नाही तिथे तोटाही नाही ना, हे पण मोजून दाखवा. एक पॅच टाकला की तितक्याच वजनाचा दुसऱ्या कोणाचा तरी पॅच रिव्ह्यू करायची पद्धत आहे, ती टाळू नका, नवख्याला कोड सगळ्यात पटकन तिथेच कळतो. आणि पहिलाच मोठा पॅच मार्चला घेऊन जाऊ नका, एप्रिलमध्ये फीचर फ्रीझ असतो, सगळे घाईत असतात, कोणी ढुंकून बघणार नाही, जुलैला न्या.