डीए सिलिंडर उभाच का ठेवायचा? : गॅसक्षेत्रात येणाऱ्यांसाठी 'आगा' कंपनीचा इतिहास

मी वेल्डिंगच्या कामात उमेदवारी सुरू केली, तेव्हा डीएचा, म्हणजे 'डिझॉल्व्ड अॅसिटिलीन' (विरघळवलेले अॅसिटिलीन) या वेल्डिंगच्या गॅसचा, सिलिंडर आडवा ठेवायचा नाही, एवढा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला. कारण कोणी सांगितले नाही. पुढे टेम्पोतून आडवा आलेला एक सिलिंडर मी तसाच लगेच जोडला आणि गॅसबरोबर अॅसिटोन नावाचे द्रव रेग्युलेटरमध्ये उतरले. हे अॅसिटोन सिलिंडरमध्ये मुळात आले कुठून, हे शोधताना मी स्वीडनच्या 'आगा' कंपनीच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

ही कंपनी १९०४ मध्ये स्थापन झाली. अॅसिटिलीनचा उजेड प्रखर असतो. परंतु नुसता गॅस दाबून भरला, तर हवा नसतानाही त्याचे विघटन होऊन स्फोट होतो. तो अॅसिटोनमध्ये मोठ्या प्रमाणात विरघळतो हे फ्रान्समध्ये आधीच आढळले होते. कंपनीचे अभियंता गुस्ताफ डालेन यांनी सिलिंडरमध्ये सच्छिद्र घन पदार्थ भरून त्यात अॅसिटोन मुरवले, त्यामुळे विघटन सुरू झालेच, तरी ते पसरायला मोकळी जागा उरली नाही. आपल्या हातातील डीए सिलिंडर आजही याच तत्त्वावर चालतो.

दीपगृहांसाठी त्यांनी केलेले काम मला त्याहून विलक्षण वाटते. गॅस सतत न जाळता क्षणभराच्या झोतांत जाळणारे यंत्र त्यांनी केले आणि १९०७ मध्ये सूर्यझडप शोधली. तिच्यात चकचकीत दांड्यांच्या मध्ये एक काळी दांडी असते. दिवसा ती प्रकाश शोषून तापते, इतरांपेक्षा किंचित अधिक प्रसरण पावते आणि गॅस बंद करते, अंधार पडताच तो पुन्हा सुरू होतो. निर्जन खडकांवरचे दिवे माणसाशिवाय महिनोन्महिने चालू लागले. १९१२ मध्ये डालेन यांना याच कामासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्याच वर्षी अॅसिटिलीनच्या चाचणीतील स्फोटात त्यांची दृष्टी गेल्याने ते त्यांच्या भावाने स्वीकारले. अंधत्वानंतरही १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी कंपनीची धुरा सोडली नाही, आणि १९२२ मध्ये आलेली 'आगा' शेगडी ही याच अंध अभियंत्याची निर्मिती आहे. पुढे ही कंपनी जर्मनीच्या 'लिंडे' समूहात गेली.

हा इतिहास वाचल्यावर कारखान्यातील नियमांचा अर्थ मला लागला. सिलिंडर आडवा आला असेल, तर अॅसिटोन खाली बसेपर्यंत तो काही तास उभा ठेवावा. गॅस फार वेगाने ओढू नये, कारण त्याच्याबरोबर अॅसिटोनही बाहेर येते. तांब्याची नळी वापरू नये, कारण अॅसिटिलीनशी तिचा संयोग होऊन स्फोटक संयुग तयार होते. शिवाय गॅस विरघळलेला असल्यामुळे आणि दाब तापमानाप्रमाणे बदलत असल्यामुळे सिलिंडरमध्ये किती गॅस उरला आहे, हे गेजवरून नेमके कळत नाही. त्यासाठी सिलिंडर काट्यावर ठेवून त्याचे वजनच करावे लागते.